जाऊ दे, काही नाही

तिसऱ्या पानाच्या मध्यावर अर्जबाई थांबल्या आणि तहान नसताना पाण्याचा पेला उचलून प्यायल्या. पुढचं वाक्य त्यांना वाचवेना.

त्यांच्यासमोर खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या, सगळे ज्यांना काका म्हणत त्या देणगीदारांची एक पद्धत होती. मदत मागायला आलेल्या प्रत्येकाला ते आपला प्रस्ताव मोठ्यानं वाचून दाखवायला लावत. लिहिताना जे सहज खपून जातं ते वाचताना घशात अडकतं, असं त्यांचं म्हणणं होतं. भल्याभल्यांची त्या खोलीत त्रेधा उडाली होती. अर्जबाई मात्र निर्धास्त आल्या होत्या. वेगवेगळ्या संस्थांसाठी अनुदानाचे अर्ज लिहिण्यात त्यांची हयात गेली होती, म्हणून तर हे नाव पडलं होतं. या वेळी काम होतं ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या केंद्राचं. ज्यांना परवडत नाही त्यांना केंद्र कानाची यंत्रं फुकट देई. जुन्या देणगीदारानं हात आखडता घेतला होता. काकांनी नाही म्हटलं, तर पुढच्या महिन्यापासून यंत्रं बंद होणार होती.

"थांबलात का? वाचा ना," काका म्हणाले.

शेजारी बसलेल्या केंद्राच्या संचालकांनी खाकरून खूण केली. अर्जबाईंनी वाचलं.

"'ज्या माणसाला ऐकू येत नाही, त्याला घरात सगळ्यांत जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य एकच असतं. जाऊ दे, काही नाही.'"

लिहिताना हे वाक्य एका दमात आलं होतं. त्या स्वतःवरच खूश झाल्या होत्या, दोनतीनदा वाचूनही पाहिलं होतं. आता या खोलीत, याच खुर्चीसमोर ते वाचायची वेळ आल्यावर त्यांना त्यामागचा आवाज आठवला होता.

काही वर्षांपूर्वी त्या एका रुग्णालयासाठी देणग्या मिळवायचं काम करत होत्या. काकू नुकत्याच गेल्या होत्या. देणगीचं बोलणं आटोपल्यावर काका अचानक म्हणाले होते, "शेवटी शेवटी तिला ऐकू येत नव्हतं. ती विचारायची, काय म्हणालात? दोनदा सांगायचा मला कंटाळा यायचा. मी म्हणायचो, जाऊ दे, काही नाही. मग तिनं विचारायचंच सोडलं." आणि उठताना, "हे कुठे बोलू नका." नाही बोलणार, असं अर्जबाईंनी सांगितलं होतं. एका ठिकाणी देणगीदारानं विश्वासानं सांगितलेलं दुसऱ्या ठिकाणी वापरायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला नियम त्या कटाक्षानं पाळत. रुग्णालय सोडताना काकांची फाइल त्या तिथेच ठेवून आल्या होत्या. डोकं कुठे ठेवून येणार?

काकांनी डोळे उघडले.

"हे वाक्य कुठे मिळालं तुम्हाला?"

"अहो, रोज ऐकतो आम्ही!" संचालकांनी तत्परतेनं सांगितलं. केंद्रात त्यांची खोली वरच्या मजल्यावर होती आणि खाली म्हातारे बसत त्या बाकांवर त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. "घरोघरी हेच. हे वाक्य नाही असं घर दाखवा."

"घरोघरी?" काकांचा चेहरा सैल झाला. "मला वाटायचं, आमच्याच घरी."

त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि चेकबुक बाहेर काढलं. संचालक खुर्चीत पुढे सरकले. अर्जबाईंना आता फक्त गप्प बसायचं होतं. केंद्राचं भलं होत होतं, म्हाताऱ्याच्या मनावरचं ओझं उतरत होतं. त्यांना भयंकर लाज वाटली.

"काका, ते वाक्य तुमचं आहे," त्या म्हणाल्या. "काकू गेल्यावर तुम्ही मला सांगितलं होतं. लिहिताना माझ्या लक्षात आलं नाही. आता वाचताना आलं. घरोघरी असं बोलतात की नाही, मला ठाऊक नाही. मी कुणाला विचारलेलं नाही."

काकांनी पेनचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं. चेकबुक खणात गेलं. खण नेहमीपेक्षा जरा जोरात बंद झाला.

"या तुम्ही आता," ते म्हणाले.

जिन्यात संचालकांचा तोल सुटला.

"खरं बोलायला तुम्हाला आजचाच मुहूर्त सापडला?"

"आधी आठवलं असतं, तर लिहिलंच नसतं."

"आणि त्या बाकांवरच्या लोकांना मी काय सांगू? बाईंना आठवलं म्हणून?"

 अर्जबाई रात्रभर याचं उत्तर शोधत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात संचालकांनी त्यांना केंद्रावर बोलावून घेतलं, चहा पाजला आणि उरलेलं काम दुसऱ्या माणसाकडे दिल्याचं गोड शब्दांत सांगितलं. कागदपत्रं सोपवून अर्जबाई खाली आल्या, तर बाकाच्या टोकाला काठीवर दोन्ही हात ठेवून काका बसलेले.

"तुम्ही इथे?"

"तुमचे साहेब म्हणाले ना, घरोघरी. म्हटलं, आपल्या कानांनी ऐकावं. सकाळपासून बसलोय, एकदाही ऐकू आलं नाही. इथे येऊन माणसं जास्तच शहाण्यासारखी वागतात."

अर्जबाई समोरच्या बाकावर टेकल्या. लगेच उठून जाणं बरं दिसलं नसतं, आणि जायचं तरी कुठे होतं? काकांच्या शेजारी एक मुलगी वडिलांना घेऊन बसली होती. तिनं समोर पाहिलं आणि वडिलांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

"काय?" वडिलांनी विचारलं.

"काही नाही हो बाबा. जाऊ दे."

काकांची मान गर्रकन वळली.  तिच्याकडे वाकून ते अगदी अजिजीनं म्हणाले, "सांगा ना त्यांना. जे काय म्हणालात ते सांगा."

मुलगी गोरीमोरी झाली. "अहो, तसं काही विशेष नव्हतं..."

"असू दे. तरी सांगा."

तिनं इकडेतिकडे पाहिलं, वडिलांच्या कानाला तोंड लावलं आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "म्हटलं, समोरच्या बाई फार दमलेल्या दिसतायत!"

वडिलांनी अर्जबाईंना आपादमस्तक न्याहाळलं.

"दिसतायत खऱ्या!" त्यांनी तितक्याच जोरात निकाल दिला.

सगळे हसले. अर्जबाईंनाही हसू फुटलं. काका तेवढे हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तो हातात तसाच धरून बसले.

"माझंही असलंच काहीतरी असायचं हो," ते अर्जबाईंना म्हणाले. "एवढंसंच."