वैरणीवरून पुन्हा डोंगरावर

मित्रांनो, मी एक हलका तंबू आहे. आता माझा रंग विटला आहे आणि एका कोपऱ्याला ठिगळ आहे, पण कामाला मी अजून खणखणीत आहे.

कारखान्यात शिलाई यंत्राखाली माझा जन्म झाला. आत जाळीची खोली, वर पाणी अडवणारे पातळ कापड आणि घडी होणाऱ्या अॅल्युमिनियमच्या काठ्या, एवढाच माझा संसार. तिथून मी कोल्हापूरच्या एका दुकानात आलो.

एक दिवस बिद्रीचे आकाराम अप्पा आणि त्यांची मुलगी अनुजा दुकानात आली. डोंगर चढून माळावर मुक्काम करायचा, ही अप्पांची जुनी आवड. पण त्यांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले होते. पाठीवर जड काही घ्यायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. हलका तंबू मिळाला नाही तर त्यांचा डोंगर सुटणार होता.

आमच्या कोल्हापुरात चप्पलसुद्धा हातात तोलून घेतात. जड ती टिकाऊ! अप्पांनी मला उचलले आणि तोंड वाकडे केले.

“ह्यात काय हाय का न्हाय? नुसता पापड!”

“अप्पा, ओझं तुमच्याच पाठीवर येणार हाय,” अनुजा म्हणाली. “तोलताय काय? आत शिरून बघा की.”

“शिरा पावणं, कोण हसत न्हाय,” दुकानदार हसत म्हणाला.

अप्पा दुकानातच माझ्यात आडवे झाले. पाय पुरले. उठून बसले तर डोके लागले नाही. वरचे कापड जमिनीजवळ पोहोचते का, हवेला खिडक्या आहेत का, बुटांना आडोसा आहे का, हे अनुजाने पाहिले आणि मला घेतले.

घरी अप्पांच्या पत्नी बाळाबाईंनी अट घातली. “तुमच्या छातीला गारठा चालत न्हाय. एकदा जरी भिजून आलासा तर डोंगार बंद!”

पौषात आम्ही आजऱ्याजवळच्या माळावर गेलो. थंडी बोचरी होती. उसाच्या फडातल्या खोपीला, म्हणजे झोपडीला, बुडाशी उसाचे वाळलेले पाचट खुपसून वारा अडवतात, तसेच अप्पांनी केले. माझ्या कडेने गवत कोंबले आणि खिडक्या आवळून बंद केल्या. सकाळी माझ्या छतातून थेंब पडत होते. पांघरुणे ओली, अप्पांना शिंकांवर शिंका.

“पाऊस न्हाय, पानी न्हाय, आन् तंबू गळतोय?” आम्ही घरी पोहोचताच बाळाबाई कडाडल्या. अप्पांनी डोंगराचे बूट माळ्यावर टाकून दिले.

माझे वरचे कापड गोठ्यामागे ओल्या वैरणीवर झाकण म्हणून पडले. उन्हाने ते विटले, शेळीने कोपरा चावला. पण मला जास्त वाईट वाटे ते अप्पांचे. संध्याकाळी ते गोठ्यापाशी येऊन लांबच्या डोंगराकडे बघत उभे राहत.

एका सकाळी बाळाबाई वैरण काढायला आल्या. त्यांनी मला उचलले आणि तिथेच थांबल्या.

“आत्ता गं बया! वरनं खडखडीत आन् खालनं पानी!”

शिजत्या भाताच्या झाकणाला असतात तसे थेंब मला लगडले होते. बाळाबाईंनी हात फिरवून पाहिला.

“ह्यो गळत न्हाय. वैरणीची वाफ हाय ही. अवं, तुमी माळावर ह्येला खोपीगत बुजीवला हुता काय?”

“बुजीवला हुता की. गार वारं हुतं,” अप्पा म्हणाले.

“मग काय! रातभर तोंडाची वाफ तुमी सोडलीसा, आन् शिव्या तंबूला!”

मित्रांनो, केवढे हायसे वाटले मला! अनुजाने मला धुऊन ठिगळ लावले. पुढच्या मुक्कामाला बाळाबाई स्वतः आल्या. या वेळी खिडक्या उघड्या राहिल्या आणि अप्पांनी कानटोपी ओढून घेतली. सकाळी बाळाबाईंनी आधी त्यांच्या पांघरुणावर हात ठेवला. ते कोरडे होते.

“आता म्होरल्या खेपंला पांघरायला माझी जाड वाकळ घ्यायची,” त्या म्हणाल्या.

“आन् ती उचलणार कोण?”

“मी! तुमी गप चाला.”

अप्पा इतके हसले की माझ्या काठ्या हलल्या.

मित्रांनो, तंबू घेताना आत झोपून बघा. त्याला हवा खेळू द्या, वाळवूनच घडी घाला, उन्हात टाकून ठेवू नका. तुमच्याही घरी कुणी असेल, ज्याला डोंगर हवा आहे पण ओझे झेपत नाही. त्याच्यासाठी आम्हाला नीट सांभाळा.