सुडो मंत्र आणि नादबाबांचा ताईत

सक्करदऱ्यात नत्थूजींच्या दारासमोर रविवारी सकाळी चपलांचा हा ढीग पडला होता. कारण आत एक कॉम्प्युटर बोलणार होता.

हसू नका. कॉम्प्युटर बोलतात हे मलाही ठाऊक आहे. पण हा मुका झाला होता, आणि त्याला वाचा द्यायला सावनेरहून नादबाबा आले होते.

मी कामिनी, नत्थूजींची शेजारीण. धंतोलीत फिजिओथेरपी करते, दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते. आखडलेल्या डोक्यांवर माझ्याकडे इलाज नाही, म्हणून असले बाबा दिसले की माझं टाळकंच सटकतं.

कॉम्प्युटर नत्थूजींच्या लेकीचा, रितिकाचा. तिला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरचं सगळं मशीन तिला वाचून दाखवतं, ती ऐकते आणि भराभर टाइप करते. बी.ए.चं शेवटचं वर्ष, बुधवारपासून परीक्षा, आणि पेपर याच मशीनवर लिहायची परवानगी कॉलेजनं दिलेली. मध्यंतरी चौकातल्या कॉम्प्युटर-दुकानवाल्या विक्कीनं त्यात लिनक्स नावाची मोफत प्रणाली टाकून दिली. नंतर काही दिवसांनी काहीतरी दुरुस्त करायला म्हणून तो पुन्हा येऊन गेला, आणि तिथून सगळं बिनसलं. मशीन बंद केलं की आवाज गायब.

विक्की म्हणाला, "मशीनमध्ये खराबी नाही काकाजी, घरात दोष आहे. माझे मामा पाहून देतीन."

मामा म्हणजे नादबाबा. मामा आले की आवाज यायचा. लाइट गेली की मशीन पुन्हा मुकं, की पुन्हा मामा. दर खेपेला दक्षिणा वेगळी. असं चाललं होतं.

तर रविवारी बाबा आसनावर बसले. गळ्यातला भलामोठा चांदीचा ताईत काढून त्यांनी सगळ्यांना दाखवला.

"ही नादशक्ती हाय. थेट ब्रह्मांडातून डाउनलोड होते. आमी फक्त टॉवर हाओत."

धूप पेटला. खोलीत कोणाला कोणी दिसेना. विक्की सेवेकरी म्हणून मशीनपुढे बसला, अंगावर भगवी शाल, शालीखाली कीबोर्ड. बाबांनी ताईत मशीनला टेकवला आणि शंख असा फुंकला, की कानठळ्या बसल्या. शालीखालून विक्कीची पुटपुट चालू होती, "सुडो... सुडो..." गर्दीनंही तेच धरलं.

"सुडो म्हणजे सूड," बाबांनी समजावलं. "रुसलेल्या देवीचा सूड शांत करून राहिलो."

आणि मशीन बोललं. "डेस्कटॉप," एवढंच, सपाट आवाजात. पण बायांनी हात जोडले, नत्थूजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"देवी आली," बाबा म्हणाले. "पण पोरीचा हात लागला का रुसते. अमावस्येपर्यंत पोरीनं मौन पाळायचं, मशीनजवळ जायचं नाही. आन मशीन बंद त बिलकुल करायचं नाही."

अमावस्या शुक्रवारी होती.

"आणि परीक्षा?" मी विचारलं.

"परीक्षा दरवर्षी येते बाई. देवी नाही येत."

मी नत्थूजींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "एक वर्षच जाईन ना ताई. जाऊ द्या."

एक वर्ष म्हणे. पोरगी वर्षभर कानात प्राण आणून अभ्यास करते, आणि बाप धुरात बसून म्हणतो जाऊ द्या. माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं, पण त्याआधी रितिका उठली. भिंतीला हात लावत आली आणि खुर्चीत बसली.

"महाराज, मौन उद्यापासून पाळते. देवी आलीच आहे त तिले एक गोष्ट विचारू द्या."

भरल्या खोलीत बाबा नाही कसे म्हणणार? "विचार बेटी."

"मले धूर दिसत नाही," रितिका म्हणाली, "म्हणून मी कान देऊन बसली होती. शंखामागे कीबोर्ड वाजत होता. त्याच्या आधी खट् झालं, पेन ड्राइव्ह लावल्यासारखं. देवी, आता तूच सांग, तुले कोणी बोलावलं?"

तिनं एक काळी खिडकी उघडली आणि वर जाणारा बाण दाबला. त्या खिडकीत आधी दिलेले हुकूम मशीन लक्षात ठेवतं. देवीनं खणखणीत वाचलं, "सुडो. मीडिया. विक्की. इन्समॉड."

खोलीत मागून कोणीतरी फिसकन हसलं. पेन ड्राइव्हला पठ्ठ्यानं स्वतःचंच नाव दिलं होतं.

रितिकानं पुन्हा बाण दाबला, मग आणखी मागे गेली. "सुडो. ए. पी. टी. रिमूव्ह. केमॉड."

"काहून काढलं गा विक्कीभाऊ?" तिनं विचारलं.

विक्की शाल घडी करत बसला. नत्थूजी म्हणाले, "काय काढलं? मले समजन असं सांग, बेटा."

"पप्पा, आवाजाचा भाग मशीनमध्येच आहे, त्याले मॉड्यूल म्हणतात. तो जोडायचं अवजार म्हणजे केमॉड, इन्समॉड त्याच्यातलाच हुकूम. नळ आपल्या घरात आहे, पण पाना यांनी खिशात नेला. येऊन नळ सोडतात, म्हणतात गंगा आली. मशीन बंद झालं का जोडलेला भाग सुटते, का पुन्हा हे. आणि सुडो म्हणजे सूड नाही. मालकाच्या हक्कानं हुकूम देणं. मशीनची मालक मी आहे."

मी पुढे होऊन ताईत उचलला आणि झाकण ओढलं. आत पेन ड्राइव्ह. बाबा म्हणाले, कलियुग हाय.

माझ्या मोबाइलच्या नेटवर रितिकानं केमॉड परत बसवलं. मशीन सुरू होतानाच आवाजाचं मॉड्यूल जोडायचं, असा हुकूमही लिहून ठेवला. मग तिनं बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं आणि नत्थूजींनी तिचं मनगट धरलं.

"नको वं माय. परत नाही आला आवाज त?"

"त कळन ना पप्पा, का मी चुकली. बाबा असताना येणारा आवाज माझ्या काय कामाचा? बुधवारी शंख नाही वाजणार तिथं."

नत्थूजींनी हात सोडला. मशीन बंद झालं, पुन्हा सुरू झालं. पंखा घुरघुरला. मी अक्षरशः श्वास धरून होते, खोटं कशाला सांगू. आणि मग, ना धूप ना शंख, तोच सपाट आवाज आला, "स्क्रीन रीडर सुरू आहे."

रितिकानं पुन्हा बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा आला.

नत्थूजी खाली बसले. "मशीनले वाचा यावी म्हणून मी माझ्या पोरीची वाचा बंद करून राहिलो होतो," ते म्हणाले. बाबा आणि विक्की केव्हा सटकले कळलं नाही, पण चपलांचा ढीग कमी झाला होता.

बुधवारी नत्थूजींनीच मशीनचा डबा मांडीवर घेऊन ऑटोतून तिला सेंटरवर नेलं.

मला वाचकांना एवढंच सांगायचं आहे. कोणी चमत्कार दाखवला तर भांडू नका, हात जोडू नका. बंद करा आणि पुन्हा सुरू करून पाहा. बाबाला जरा बाहेर बसवा, धूर जाऊ द्या, शंख थांबवा. त्यानंतरही तीच गोष्ट घडली, तर ती का घडते ते शिकून घ्या. नाही घडली, तर पाना कोणाच्या खिशात आहे ते विचारा.