हात लावायचं चित्र

करुणाबाई गजभिये पस्तीस वर्षं सौंसर तालुक्यात नर्सबाई होत्या. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठं आहे, पाय कुठं आहेत हे त्या सांगायच्या, आणि मग सोनोग्राफीतही तेच निघायचं. निवृत्तीनंतर त्या हातांना काम उरलं नाही. दोन महिन्यांतच ते इतके बेचैन झाले की करुणाबाई पुठ्ठ्यावर वस्तू चिकटवायला लागल्या. कापूस, साडीचे तुकडे, संत्र्याची वाळलेली सालं, प्लास्टरची पट्टी. पहाटे अर्धा तास श्वासावर ध्यान करायचं आणि उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, फेविकॉलचा डबा उघडायचा. आधी काही ठरवायचं नाही. हात जिथं थांबेल तिथं चिकटवायचं. मुलगी प्रणाली नागपूरहून आली तेव्हा म्हणाली, "आई, याला मिक्स मीडिया म्हणतात." करुणाबाईंना तो शब्द इतका आवडला की दूधवाल्यालाही त्यांनी तो सांगितला.

एप्रिलमध्ये बुद्धविहार समितीचे सचिव उत्तमराव घरी आले. निवृत्त हेडमास्तर, उन्हाळ्यातही गळ्याजवळचं बटण लावणारे.

"बुद्ध पौर्णिमेले नवा हॉल खुला करून राहिलो, बाई. समोरच्या भिंतीसाठी बुद्धाचं चित्र पाहिजे. तुमच्याच हातचं. चेहरा शांत आला पाहिजे."

करुणाबाई हो म्हणाल्या आणि फसल्या. पहिला चेहरा त्यांच्या मेहुण्यासारखा झाला, दुसरा खुद्द उत्तमरावांसारखा. तिसऱ्यावर त्यांनी ओल्या प्लास्टरचा हात फिरवला, पिशवी भरली आणि पांढुर्ण्याची बस धरली.

पांढुर्ण्याजवळ प्रेमलताची संत्र्याची वाडी होती. तीस वर्षांपूर्वी तिच्या पोटावर हात ठेवून करुणाबाई म्हणाल्या होत्या, बाळ आडवं आहे, आत्ताच्या आत्ता नागपूरला चला. ते बाळ म्हणजे भूपेंद्र. तेव्हापासून दोघींची मैत्री होती. प्रेमलतानं जन्मात कधी चित्र काढलं नव्हतं, पण मैत्रिणीची अडचण ऐकल्यावर ती करुणाबाईंना सरळ मालाच्या शेडमध्ये घेऊन गेली. भिंतीला टेकवलेला दाराचा जुना सागवानी पल्ला तिनं खाली आडवा पाडला.

"पुठ्ठा लहान पडून राहिला तुले," ती म्हणाली. "याच्यावर कर. मी बी बसते."

शेडमध्ये काय नव्हतं. पेट्यांच्या फळ्या, पेट्यांत अंथरायचं तणस, सुतळी, कोपऱ्यात कापसाचं बोचकं. दोघींनी त्याचा आणि पिशवीतल्या वस्तूंचा मधोमध ढीग केला. करुणाबाईंनी एकच नियम सांगितला: डोळे मिटायचे, दहा श्वास घ्यायचे, मग ढिगात हात घालायचा.

पहिल्या दिवशी प्रेमलता दर तिसऱ्या श्वासाला एक डोळा उघडायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे दोन्ही डोळे मिटलेलेच राहिले. तिचा हात तणसावरून गेला, फळीवरून गेला, तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याच्या काठावर थांबला.

"करुणा, मी नाई निवडलं हे," ती हळूच म्हणाली. "देवीनं निवडलं. तिनंच चालवला माया हात."

"मायावाला कोणी नाई चालवत," करुणाबाई म्हणाल्या. "मी फक्त मधात येत नाई."

"मंग तू मधात येत नाईस तवा कोण येते?"

करुणाबाई विचार करायला लागल्या, आणि विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं की प्रेमलताच्या कोपराला कापसाचं अख्खं बोंड चिकटलंय आणि ती ते झटकताना दुसऱ्या हाताला लावून घेतेय. त्यांना हसू फुटलं. प्रेमलतालाही फुटलं. मग ते थांबेचना. एकीचं आवरलं की दुसरीचं सुरू. पुंडलिकराव, प्रेमलताचे यजमान, चहा घेऊन आले, दारात थोडा वेळ उभे राहिले आणि कप खाली ठेवून परत गेले.

त्या हसण्यानंतर हात सुटले. प्लास्टरची पट्टी ओली करून करुणाबाईंनी पल्ल्याच्या मधोमध पसरली, तर ती आपोआप फुगून वर आली. त्यावर प्रेमलतानं कापूस बसवला. भोवती लुगड्याचे काठ, सालं, सुतळीची वळणं फिरत गेली. कुणाचा हात कुठला ते कळेनासं झालं. करुणाबाईंना वाटलं, आपण पहाटे बसतो तेव्हा श्वास जसा आपला आपण ये-जा करतो, तसंच हे चित्र होतंय. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या उठून उगाच शेडभर एक चक्कर मारून आल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी मागे सरकल्या आणि पाहिलं. चित्रात चेहरा नव्हता. एक मोठा, पांढरा, गोल उंचवटा होता, आणि भोवतीचं सगळं त्याच्याकडे वळलेलं.

"उत्तमराव काय म्हणतीन?" प्रेमलतानं विचारलं.

"रागावतीन," करुणाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा हसायला लागल्या.

सकाळी भूपेंद्रनं पल्ला गादीत गुंडाळून पिकअपमध्ये चढवला. सौंसरला हॉलमध्ये तो भिंतीशी उभा केला, तेव्हा उत्तमराव चष्मा पुसून खूप वेळ पाहत राहिले.

"बाई, तोंड कुठं हाय?"

"नाई आलं, सर. मी पंधरा दिवस बोलावलं."

"मंग हे काय हाय?"

"मले बी सांगता येत नाई. डोळे मिटून हात ठेवून पाहा."

हेडमास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि उंचवट्यावर तळवा टेकवला. कापसाचे तंतू तळव्याला गुदगुल्या करायला लागले. त्यांच्या मिशा हलल्या. मग खांदे हलले. हसू दाबता दाबता त्यांनी गळ्याजवळचं बटण उघडलं, पण हात काढला नाही. हळूहळू चेहरा निवत गेला.

"हे श्वास घेऊन राहिलं," ते म्हणाले.

"तो तुमचाच श्वास हाय, सर."

"असन. तरी बी."

त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. समोरच्या भिंतीसाठी बुद्धाचा फोटो नागपूरहून आणायचा. हा पल्ला बाजूच्या भिंतीवर, आणि उंच नाही, लेकराबाळांचा हात पुरेल इतक्या खाली.

पौर्णिमेच्या दिवशी वंदना आटोपली आणि पल्ल्यासमोर रांग लागली. म्हाताऱ्या, सुना, बँकेतले बाबू, सगळे डोळे मिटून हात ठेवत आणि वळताना हसत. खीर गार झाली तरी रांग सरेना. प्रेमलता पांढुर्ण्याहून जरीची साडी नेसून आली होती आणि प्रत्येकाला सांगत होती, की तो हिरवा काठ तिचा. करुणाबाईही रांगेत उभ्या राहिल्या. पुढं अजून बावीसजण होते, आणि त्यांना जराही घाई नव्हती.