भिमाबाईच्या वजनाचं विमान

माणिकराव इंगळ्यांनी हयातीत तीन विमानं बनवली. पहिलं उठलंच नाही. दुसरं उठलं आणि शेषरावच्या तुरीत जाऊन बसलं. तिसरं उडवायची परवानगी कुणी दिली नाही, त्यामुळे ते आजवर एकदाही पडलं नाही, आणि माणिकराव त्यालाच आपलं सगळ्यात यशस्वी विमान म्हणत. मोताळ्याच्या रस्त्याला, त्याच शेषरावच्या वावराच्या कोपऱ्यात टिनाचं शेड ठोकून त्यांनी तिन्ही विमानं मांडली आणि बाहेर पाटी लावली: विमान संग्रहालय. तुरीवरून भांडायला आलेला शेषराव जागा देऊन गेला होता, यावरून माणिकरावांच्या जिभेचा अंदाज यावा.

संग्रहालयातला मोठा खेळ तिसऱ्या विमानाचा. पुढच्या बैठकीवर माणिकराव, मागच्या बैठकीवर त्यांची बायको भिमाबाई, आणि शेषराव चेनपुलीनं अख्खं विमान उचलून धरायचा. दोघांच्या मधल्या पाइपावर एक कडी होती, तेवढ्या एका कडीवर विमान लटकायचं आणि तराजूच्या दांडीसारखं सपाट राहायचं. शाळेची पोरं नाकावर फुंकर मारायची, की ते नमस्कार केल्यासारखं खाली-वर व्हायचं. तोल साधायच्या दिवसांत मागं बसवायला माणिकरावांना घरात एकच माणूस सापडलं होतं. त्यामुळे सबंध विमान बायकोच्या वजनावर तोललेलं. दुसरं कुणी बसलं की शेपटी तरी टेकायची, नाही तर नाक. भिमाबाईला याचा आतून गर्व होता. वरून ती म्हणायची, "लोकं बायकोले सोन्यानं मढवतात, यायनं मले तागडीत घातलं."

पण आज मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयाची माणसं येणार होती. त्यांना पटलं तर शेड त्यांचं, आणि देखभाल शेवटपर्यंत माणिकरावांची. नाही पटलं तर शेषरावच्या पोरांना तिथं सोयाबीनचं गोदाम हवंच होतं. आणि भिमाबाईला बुलडाण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, येती दिवाळी धरून चालू नका. हे फक्त लेकीला, सुवर्णाला, ठाऊक होतं. बापाला सांगणार नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलेलं.

भिमाबाईला मरणाची धास्ती कमी, मागच्या सोयीची जास्त. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारा हा माणूस, शेड गेल्यावर सकाळी उठून जाणार कुठं? शेड राहिलं तर जगेल. तिचा सगळा हिशेब एवढ्यावर येऊन थांबत होता.

अडचण अशी, की दवाखान्याच्या काट्यावर ती बारा किलोनं कमी भरली होती. लुगडं फुगवून नेसलं की नवऱ्याचे डोळे चुकवता येतात. विमानाला कसं चुकवणार?

म्हणून सकाळी तिनं बारा किलो नट-बोल्ट तोलून घेतले, जुन्या धोतराच्या पिशव्यांत भरले आणि पिशव्या कमरेला बांधल्या. चालताना दम लागे, आणि पावलागणिक बारीक खणखण. शेषरावनं कान टवकारले.

"वहिनी, काय वाजून राह्यलं हो?"

"हाडं," भिमाबाई म्हणाली. "तुमी आपली साखळी पाहा."

पाहुण्यांत मुख्य अनुपमा मॅडम. त्या दुसऱ्या विमानाच्या मोडक्या पंखापाशी बराच वेळ थांबल्या, माणिकरावांच्या बोलण्यावर हसल्याही. भिमाबाईनं ते हसू जमेला धरलं. मग दोघं चढून बसले. शेषरावनं साखळी ओढली. चाकं जमिनीवरून सुटली, आणि विमान धाडकन शेपटीवर बसलं.

शेडाची टिनं वाजली. शेषरावनं साखळी सैल करून विमान परत चाकांवर टेकवलं. एका पाहुण्यानं घड्याळ पाहिलं. "ठीक आहे, आम्ही कळवू," मॅडम म्हणाल्या. अशा 'कळवू'चा अर्थ आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो.

भिमाबाईला मात्र काही कळेना. बारा गेले, बारा बांधले, मग शेपटी जड कशी? तिनं समोर पाहिलं. पाइपावरचं कडीचं जुनं भोक रिकामं होतं. कडी चार बोटं पुढं, नव्या भोकात बसवलेली.

"हे कवा केलं तुमी?"

माणिकरावांनी मान वळवली नाही. "झाले पंधरा दिवस."

"काऊन?"

"गाडीवर मांगं बसते तू. खड्ड्यात गाडी पह्यल्यासारखी दबत नाही. मले समजत नाही काय?" मग आवाज खाली आला. "कोनाले इचारलं नाही म्या. अंदाजानं भोक पाडलं. म्हनलं, चुकलो तर बरंच होईन."

त्यांनी लपवलं, हिनंही लपवलं, आणि दोघांचं मिळून विमान उलथलं. चाळीस वर्षांच्या संसारात एकमेकांना फसवायचा हा पहिलाच प्रयत्न, त्यात दोघंही नापास.

भिमाबाईनं बसल्या जागी गाठी सोडल्या. पिशव्या खाली आपटल्या, बोल्ट फरशीभर घरंगळले. "शेषरावभाऊ, मॅडमले थांबवा! चूक माही हाय. वढा साखळी!"

मॅडम दारातून वळल्या.

"वढू नको बे, शेषराव," माणिकराव म्हणाले. "कडी जुन्या जागी घेतो मी. हे असं नाही उचलाचं." त्यांनी उतरायला पाय बाहेर काढला.

तेव्हा तिला उमगलं. विमान पुन्हा उलथेल याची त्यांना भीतीच नव्हती. ते सपाट राहील याची होती.

"पाय आत घ्या," ती म्हणाली. "तुमाले तुमचा अंदाज चुकवाचा हाय. मले हे शेड ठेवाचं हाय. दुसरं काईच नाही माह्याजवळ, ठेवून जाले. बसा."

माणिकराव बसले. साखळी कडकडली, चाकं सुटली. विमान एकदा थरथरलं आणि सपाट राहिलं. चार बोटं, ना कमी ना जास्त.

मॅडमनी टाळी वाजवली. बाकीचे फोन काढून पुढं सरसावले. पुढच्या बैठकीवरची पाठ गदगदू लागली होती, आणि तिच्याबरोबर विमानाचं नाक खाली-वर. भिमाबाईचा हात तिथवर पोचत नव्हता. वाकली असती तर तोल गेला असता.

"हालू नका," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "मॅडम पाहून राह्यल्या."