उम्म लुत्फींचा पंजा

मित्रांनो, या, जवळ या. पण हात लावण्याआधी तो मला दाखवा. मी एक जुनी निळी मोटार आहे. कैरोच्या शुब्रा भागात, लुत्फी मास्तरांच्या दारात मी बावीस वर्षं उभी आहे. या काळात मला शत्रू असे कुणी भेटले नाहीत. माझी जी काय वाट लागली, ती माझ्यावर माया करणाऱ्यांनीच लावली.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या निळ्या रंगावर काचेसारखा एक पातळ थर होता. माझ्यात पाहून लोक मिशा नीट करत. मास्तरांनी मला घरी आणलं त्याच दिवशी त्यांच्या आईने, म्हणजे उम्म लुत्फींनी, मेंढा कापायला लावला आणि त्याच्या रक्तात हात बुडवून माझ्या नव्याकोऱ्या बॉनेटवर पंजा उठवला. दृष्ट लागू नये म्हणून! तो पुसायची कुणाची छाती झाली नाही. पंधरा दिवस तो उन्हात वाळला. पुढे रक्त गेलं, पण पाच बोटांचा फिकट डाग माझ्या कातडीत रुतून बसला. दृष्ट मात्र लागली नाही, कारण लागण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दुसरे मायाळू म्हणजे इमारतीचे राखणदार बिश्रीकाका. रोज सकाळी अकरा गाड्या, एक बादली आणि एक फडकं. मी त्यांची लाडकी, म्हणून माझा नंबर शेवटचा. दहा गाड्यांची वाळू त्या फडक्यात घेऊन ते यायचे आणि गाणं गुणगुणत मला गोल गोल घासायचे. मला ओरडताही येत नव्हतं. हॉर्न मास्तरांच्या ताब्यात! अंगभर बारीक ओरखड्यांची जाळी उठली आणि मी निळीची राखाडी झाले.

मग मास्तरांच्या रीहामचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "बाबा, भाड्याच्या पांढऱ्या गाडीत मी बसणार नाही. जाईन तर आपल्या निळीतून."

"मग हिला रंग मारून घ्या," शेजारी म्हणाले.

"रंग?" मास्तर उखडले. "अस्सल कंपनीचा रंग आहे हा, बावीस वर्षं जपलेला! त्यावर नवा फासून शुब्र्यात तोंड कसं दाखवू?"

म्हणून मला उस्ता वहीबकडे नेलं. हा कारागीर रंग मारत नाही, आहे तोच रंग जागा करतो. त्याने माझ्यावर प्रखर दिवा धरला आणि कपाळावर हात मारला.

"मास्तर, हिला पुसतं कोण?"

"आमचा बिश्री. फार जीव आहे हो त्याचा हिच्यावर."

"जीव आहे? अहो, जीव घेतोय तो हिचा!"

मग त्याने एक छोटं यंत्र बॉनेटला टेकवून रंगाचा थर किती उरलाय ते मोजलं आणि गंभीर झाला. "एकदाच घासता येईल. यानंतर इथे डाग पडला तर माझ्याकडे आणू नका, सरळ रंगाऱ्याकडे न्या."

मास्तर मटकन खाली बसले. मीही बसले असते, पण चाकांत हवा होती.

तीन दिवस माझी सेवा चालली. आधी आंघोळ, मग मऊ मातीच्या गोळ्याने रुतलेली धूळ काढली, मग फिरत्या स्पंजाच्या यंत्राने घासणं. इतक्या गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! बॉनेटवरचं एकेक बोट पुसट होत गेलं. शेवटी हट्टी अंगठाही गेला. मास्तर माझ्यात डोकावले आणि म्हणाले, "अरे देवा, मी एवढा म्हातारा झालो?"

गुरुवारी लग्न होतं. मला फुलं लावली, दारात मेंढा कापला. तेवढ्यात चौऱ्याऐंशी वर्षांच्या उम्म लुत्फी जिना उतरून आल्या. उजवा हात मनगटापर्यंत लाल!

"आई, नको!" मास्तर ओरडले.

"गप रे! कशी चमकतेय बघ. सगळ्या गल्लीचे डोळे हिच्यावर. मागे पंजा उठवला म्हणून तर एवढी टिकली!"

हात वर गेला. मी डोळे मिटून घेतले असते, पण दिवे लागलेले होते. तेवढ्यात मास्तरांनी उडी घेतली आणि खास शिवलेल्या क्रीम रंगाच्या सुटासकट ते माझ्या बॉनेटवर पालथे पडले. थप्प! पंजा त्यांच्या पाठीवर उठला.

रीहाम हसून हसून रडायला लागली. उम्म लुत्फींनी पंजा न्याहाळला आणि म्हणाल्या, "असू दे. हिच्यापेक्षा तुलाच गरज होती."

सूट बदलायला वेळ नव्हता. पाठीवर आईचा पंजा घेऊन मास्तरांनी लेकीला माझ्यातून नेलं.

मित्रांनो, आता बिश्रीकाकांकडे दोन बादल्या आणि स्वच्छ मऊ फडकी आहेत. गाणं तेच आहे. तुम्हालाही एवढंच सांगते: माया जरूर करा, पण त्याआधी आपल्या हातात काय आहे ते बघा.

आणि हो, त्या दिवशी मास्तरांच्या कोटाच्या बटणाने माझ्या बॉनेटवर एक बारीक ओरखडा उठला. उस्ता वहीब म्हणाला, "बारीक आहे, हाताने हलकेच काढून देतो." मास्तर नको म्हणाले. मला विचारलं असतं, तर मीही तेच म्हणाले असते.