वडिलांनी दिलेलं मत

वडिलांच्या कबरीवर जर्मनमध्ये प्रार्थना म्हणायला कायद्याने बंदी होती. त्या कायद्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत वडीलही होते.

एकतीस वर्षं त्यांनी गावात जर्मन साप्ताहिक चालवलं. त्याच वाचकांनी त्यांना राज्याच्या सिनेटवर पाठवलं. मग अमेरिका जर्मनीविरुद्ध महायुद्धात उतरली, आणि पुढच्या मार्चमध्ये विधेयक आलं : शाळेत, चर्चमध्ये, रस्त्यावर फक्त इंग्रजी.

"एकदा हो म्हणून टाकतो, टिली," ते मला म्हणाले. "मग आपल्या माणसांच्या वाटेला कोणी जाणार नाही."

साप्ताहिक त्यांनी आपणहून बंद केलं. शेवटच्या अंकाची मुद्रितं मीच तपासली. मे महिन्यात कोणीतरी आमच्या दाराला पिवळा रंग फासला, देशद्रोह्यांच्या दाराला फासतात तो. तो खरवडतानाच वडील कोसळले.

आईला इंग्रजी येत नाही. पाद्री ब्रांड्टना तिने एवढंच मागितलं, "शेवटची प्रार्थना तेवढी आपल्या भाषेत म्हणा. हे रोज जेवणाआधी म्हणायचे."

"हाउकेबाई, मला तुरुंगात धाडायचंय का?"

"मग मी म्हणेन."

पाद्री माझ्याकडे वळले. "टिली, सांभाळ हिला."

दफनाच्या दिवशी शेरीफ कोल्बी कुंपणाशी उभा होता. दर शनिवारी आमच्या अंगणात बसून वडिलांची बीअर प्यायलेला माणूस. "मला कळेल असंच बोला हं, पाद्रीबुवा," तो म्हणाला.

पाद्रींनी इंग्रजीत वाचलं. आई त्यांच्या ओठांकडे बघत होती. शेवटी 'आमेन' आलं, तिला कळलेला एकच शब्द.

"झालं एवढ्यात?" तिने मला हळूच विचारलं. मग माझा हात सोडवून ती खड्ड्याच्या कडेला गेली आणि खणखणीत आवाजात जर्मनमध्ये म्हणू लागली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या..."

कुंपणाचं फाटक वाजलं. मी धावले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

तिने झटापट केली नाही. माझ्या काळ्या हातमोज्याखाली तिचे ओठ मात्र हलत राहिले. ते थांबेपर्यंत मी हात काढला नाही.

कोल्बीने हॅट काढून वडिलांच्या पेटीला मान लववली. "शहाणी आहेस," तो मला म्हणाला. "बापावर गेलीस."

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

मी तिला अजून सांगितलेलं नाही.