छाती वर आली पाहिजे

मी एक जुना रबरी बाहुला आहे. दिसायला तान्हं बाळ, पण वयानं माझ्या कॉलेजातल्या कितीतरी मुलींपेक्षा मोठा. ओतूरजवळच्या एका नर्सिंग कॉलेजात माझी नेमणूक झाली, ती श्वास न घेण्यासाठी. हसू नका, मित्रांनो. जन्मल्यावर एखादं बाळ श्वास घेत नाही, तेव्हा त्याच्या नाकातोंडावर मास्क बसवून रबरी पिशवीनं हवा द्यावी लागते. ते मुली माझ्यावर शिकतात. मान नीट असली आणि मास्क घट्ट बसला, तरच माझी छाती वर येते. नाहीतर हवा गालाजवळून फुस्स करून निघून जाते. मी कुणाची भीडभाड ठेवत नाही. हाताळून हाताळून माझ्या नाकाचा रंग उडाला, पण इथं शिकलेली मुलगी डगमगत नाही, असं एक मोठे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी मनातून फुललो होतो.

मग करोना आला. कॉलेजला कुलूप लागलं, मी कपाटात गेलो आणि शिकवणं मोबाइलवर गेलं. शिकवणाऱ्या सोनल मॅडम घरून बोलायच्या, मुली गावोगावी ऐकायच्या. बोटभर जाडीच्या त्या मोबाइलनं माझी नोकरी खाल्ली, याचा मला फार राग आला.

घाटघरची नूतन रेंजसाठी रोज टेकाड चढायची. तिची उत्तरं इतकी बिनचूक, की मॅडमनाच शंका आली. सराव कशावर करतेस, असं त्यांनी विचारलं. उशीवर वाटी दाबून, असं तिनं सांगितलं. कॉलेज अजून बंदच होतं. पण एसटी सुरू झाली, तशा मॅडमनी मला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि घाटघरची वाट धरली. गाडीत शेजारी बसलेली सरूबाई मला बघून कळवळली.

"बाई, पोराचं त्वांड झाकू नगा. जीव गुदमरंल त्याचा."

मॅडमनी टॉवेल बाजूला केला. मग साऱ्या गाडीनं मला हसत हसत पाहून घेतलं.

घाटघरला नूतननं सगळ्या पायऱ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. मास्क लावला, पिशवी दाबली. फुस्स. पुन्हा दाबली, पुन्हा फुस्स. उशीच्या सवयीनं ती मास्क वरून रेटत होती आणि माझी मान छातीकडे मुडपत होती. ती रडवेली झाली.

"मॅडम, मला तर समदं पाठ हाय."

"तुझं डोकं पास झालंय. आता हाताला शिकू दे," असं म्हणून मॅडमनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. दोघींनी मिळून माझी हनुवटी अलगद उचलली. माझी छाती वर आली. हे मोबाइलला जमलं असतं का, तुम्हीच सांगा. मॅडमनी मला तिथल्या आरोग्य उपकेंद्रातच ठेवलं. नूतन रोज येऊन मला दमवायची.

पुढे तिथंच गावातली भागू बाळंत झाली. मुलगी झाली, पण ती रडेना, श्वासही घेईना. इकडे भागूला रक्तस्राव सुरू झाला, उपकेंद्रातल्या सिस्टरचे दोन्ही हात तिच्यात गुंतले. बाळ जागं व्हावं म्हणून सासू ठमाबाई जुन्या रीतीनं दाराशी थाळी बडवू लागली.

"नूतन, बाळ तू घे," सिस्टर म्हणाल्या.

मी टेबलावर होतो. मान बघ, मान बघ, असं ओरडावंसं वाटत होतं. पण तिला माझी गरजच नव्हती. तिनं बाळ पुसलं, मान नीट केली, मास्क बसवला, पिशवी दाबली. इवलीशी छाती वर आली. पुन्हा आली. ठमाबाईचा हात थबकला. आणि त्या पोरीनं असा टाहो फोडला, की मी जन्मभर न रडलेलं रडणं तिनं एका दमात रडून टाकलं. थोड्या वेळानं भागूही सावरली.

"आता वाजवा थाळी, ठमाबाई," नूतन म्हणाली. "आता लई जोरात वाजवा."

ती थाळी साऱ्या घाटघरनं ऐकली. मी रबराचा असूनही माझा ऊर भरून आला.

मित्रांनो, मोबाइलवरचा माझा राग आता गेला आहे. त्या पायऱ्या नूतनच्या डोक्यात त्यानंच घातल्या. पण हाताला हातच शिकवतो. हल्ली माझी मान सैल झाली आहे, म्हणून काही जण म्हणतात, याला जपून कपाटात ठेवा. तसलं जपणं मला नको. मला धुवा, पुसा, माझ्या चिरा बुजवा आणि पुढच्या मुलीच्या हातात द्या. मी फाटलो तर नवा बाहुला विकत मिळेल. भागूची लेक कुठल्या दुकानात मिळाली असती?